मार खाऊन मारणारा हिरो: 'उलट फटका' पॉवर बेतायची कशी?

गोदाकाठ · रविवार, रात्री ११.१०

मंडळी, पेच पडलाय. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊनच बसा.

आम्ही नाशकात, गंगापूर रोडला आमच्या घरी, दर शनिवारी संध्याकाळी सुपरहिरोंचा टेबलटॉप खेळ खेळतो. खेळाडू पाच, जीएम (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारी) मी. नियम म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्सच्या तिसऱ्या आवृत्तीचे आणि गाव आपलंच. हा प्रकार ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: प्रत्येक जण एका हिरोचं सोंग घेतो, मी बाकी सगळं जग होते, आणि भांडण लागलं की वीस बाजूंचा फासा निवाडा करतो. गोट्या-पत्त्यांपेक्षा वाद जास्त आणि चिवडा त्याहून जास्त.

आमच्यात माझा मामेभाऊ नवीन. त्याने हिरो केला 'तांबट'. अंग तांब्याचं, आणि अंगावर जो कोणी वार करेल त्याच्यावर तो वार झणकारत उलटतो. कल्पना मला इतकी आवडली की मी फार न तपासता होकार दिला. चूक तिथेच झाली.

नियमांच्या भाषेत ही पॉवर म्हणजे 'डॅमेज' (इजा), तिला 'रिॲक्शन'ची, म्हणजे आपली पाळी नसताना आपोआप वाजण्याची, जोड. रँकमागे (ताकदीच्या पायरीमागे) ४ पॉइंट. त्याने ८ रँक घेतले, म्हणजे हिरो बेतायला मिळणाऱ्या १५० पैकी ३२ पॉइंट. मला वाटलं, महाग आहे, घेऊ दे.

कालच्या आधीच्या शनिवारी पांडवलेणीच्या पायऱ्यांवर मारामारी होती. टोळीतले बारा जण. त्यातल्या सहांनी तांबटाला घेरलं आणि ठोसे लगावले. सहाच्या सहा फासे मीच टाकले, पाच जण पडले. दुसऱ्या फेरीत उरलेले धावून आले, तेही पडले. या सगळ्यात मामेभावाने काय केलं? हाताची घडी घालून उभा राहिला. खरोखर, टेबलावरही घडीच. आमची उडणारी हिरोईन पायऱ्यांच्या तळाशी पोचेपर्यंत खेळ खलास. ती खेळणारी मैत्रीण फोनवर भाजीचे भाव बघत होती.

म्हणून काल मी शहाणपणा केला. सगळे शत्रू लांबून गोळ्या झाडणारे. तांबटाला कोणी हात लावेना. चार तासांत त्याची पॉवर एकदाही वाजली नाही. जाताना चप्पल घालत म्हणाला, "ताई, तू मुद्दाम करतेस ना?"

करतच होते. उगाच खोटं कशाला बोलू.

तर प्रश्न असा: प्रतिकाराची पॉवर अशी कशी बेतायची की ती वाजली तर बाकीच्यांचा खेळ मरू नये, आणि मी तिला टाळत बसले असं पोराला वाटू नये?

---

वीसबाजू · रविवार, रात्री ११.४२

आधी आकडे बघू, मग भावना.

८ रँक म्हणजे सामोऱ्या जाणाऱ्याला १५ अधिक ८, असे २३ गाठायचे. तुमच्या टोळीवाल्याचा टफनेस (मार सोसायची ताकद, फाशावरच्या आकड्यात मिळवायची) ४ धरतो. फाशावर १९ किंवा २० पडला तरच तो उभा. म्हणजे दहातले नऊ आडवे. त्यात या नियमांत मिनियनला (किरकोळ शत्रूला) अर्धवट जखम नसते, एकदा चुकला की थेट सगळ्यात वाईट परिणाम. सहापैकी पाच पडले यात नवल काहीच नाही, सहावा नशीबवान.

आता खरी गोम. साधा हल्ला करायचा तर हिरोला आपली पाळी खर्चावी लागते, आधी नेम लागतो का ते फाशावर बघावं लागतं, आणि मग डॅमेज. रिॲक्शनवाल्या पॉवरला पाळी लागत नाही, नेमाचा फासा लागत नाही, आणि एका फेरीत किती वेळा याला बंधन नाही. सहा जणांनी मारलं तर सहा उलट फटके, शिवाय त्याची स्वतःची पाळी शिल्लकच. ४ पॉइंट महाग वाटतात, पण गर्दीत ते फुकट आहेत.

एकट्यादुकट्या खलनायकासमोर मात्र चित्र वेगळं. टफनेस १२ असेल तर २३ साठी ११ लागतो, निम्म्या वेळा तो सुटतो. म्हणजे तुमच्या भावाची पॉवर खलनायकासमोर ठीकठाक आहे आणि किरकोळांसमोर रोडरोलर.

---

कोथिंबीर_जास्त · सोमवार, सकाळी ७.०५

त्याच्यासमोर मिसळ ठेवा आणि मोठा रस्सा वाढा. तोंड भाजलं की घडी आपोआप सुटेल.

---

जुना_खेळिया · सोमवार, सकाळी ९.३०

गोदाकाठताई, हा रोग तुमचा एकटीचा नाही. १९८१ साली चॅम्पियन्स हा सुपरहिरोंचा खेळ आला तेव्हापासून पॉइंट मोजून पॉवर विकत घेण्याचा हा बाजार सुरू आहे, आणि त्या घराण्यातही अंगाला हात लावणाऱ्याला चटका देणारी ढाल आहेच. जिथे जिथे ही पॉवर आली तिथे तिथे जीएमच्या कपाळावर आठी आली.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत याच जातीचे दोन मंत्र आहेत, ते शेजारी ठेवून बघा. 'हेलिश रिब्यूक': तुला कोणी इजा केली तर तू त्याला जाळतोस, पण त्यात तुझी त्या फेरीतली एकुलती एक रिॲक्शन जाते आणि मंत्राचा स्लॉटही (मोजून मिळालेल्या मंत्रांतला एक) जातो. सहा जणांनी मारलं तरी जळणार एकच, आणि कोण ते तू ठरवायचंस. 'आर्मर ऑफ अगाथिस': अंगावर बर्फाचं कवच, पाच तात्पुरते प्राण, आणि हातघाईत मारणाऱ्याला पाचाचा गारठा. त्याला रिॲक्शन लागत नाही. पण ते पाच प्राण संपले की कवचही संपलं. म्हणजे मारणाऱ्याला गारठा बसतो खरा, पण दर माराने कवच झिजतही असतं.

पहिल्यात मोजून दिलंय, दुसऱ्यात भरून दिलंय. तुमच्या तांबटाला ना मोजणी, ना भांडं. नुसता नळ उघडा ठेवलाय.

(वय झालं, सकाळी पाण्याचेच दाखले सुचतात. आमच्याकडे नळ साडेपाचला येतो.)

---

गोदाकाठ · सोमवार, दुपारी १.२०

नळाचा दाखला पोचला. पण 'फेरीत एकदाच' हे मी त्याला विचारून पाहिलं सकाळी. तोंड एवढंसं झालं. म्हणाला, "मग तो तांब्याचा कसा? भांड्यावर सहा जणांनी वाजवलं तर ते सहा वेळा वाजणार ना?" यावर मला उत्तर सुचलं नाही. नियम बरोबर असून चालत नाही, तो त्या हिरोच्या अंगातून आल्यासारखा वाटायला हवा.

---

तांबट_आळी · सोमवार, दुपारी ४.४८

खेळातलं मला शून्य कळतं. धागा नाव बघून उघडला, कारण आमच्या घरात तीन पिढ्या भांडी घडवली. एक सांगतो, तुमच्या भावाला तांबं माहीत नाही.

तांब्यावर ठोका मारला तर तो उलटत नाही. तांबं तो ठोका पोटात घेतं. पत्रा मठारायला बसलात की सुरुवातीला मऊ असतो, आवाज भद्द येतो. ठोके पडत जातात तसा तो कडक होत जातो आणि आवाज चढत जातो. आजोबा डोळे मिटून सांगायचे, आता थांब. कारण त्यापुढे अजून ठोकलात तर भांडं वाजतं छान, पण काठाला तडा जातो. मग ते भट्टीत घालून लालसर होईपर्यंत तापवायचं आणि पाण्यात बुडवायचं, की पुन्हा मऊ. लोखंडाचं पातं तापवून पाण्यात बुडवलं तर कडक होतं, तांबं मऊ पडतं, हे शाळेतल्या पोरांना सांगून खरं वाटत नाही. चुर्रर्र आवाज येतो आणि अख्ख्या आळीला कळतं की याचं भांडं अजून झालेलं नाही.

तेव्हा तुमचा तांबट खरा तांब्याचा असेल तर पहिल्या ठोक्याला त्याने काहीच करायला नको. दहाव्या ठोक्याला मात्र सांभाळून.

---

वीसबाजू · सोमवार, संध्याकाळी ५.०२

काका, तुम्ही खेळातलं शून्य कळतं म्हणालात आणि अख्खी पॉवर बेतून दिलीत.

---

पंचवटीकर · सोमवार, रात्री ९.१५

काकांच्या प्रतिसादावरून सुचलं. ठोके साठत जाणार असतील तर ते किती साठले हे सगळ्यांना दिसायला हवं. आणि नाशकात 'किती साठलं' हे दाखवायची सोय आधीपासून आहे: दुतोंड्या मारुती.

बाहेरच्या वाचकांसाठी: रामकुंडाजवळ गोदेच्या पात्रातच ही मूर्ती उभी आहे, दोन्ही बाजूंना तोंड असलेली. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सोडला की बातमीत क्युसेकचे आकडे येतात, होळकर पुलाखालून इतके, अमक्या बंधाऱ्यातून तितके. आमच्या आईला त्यातलं काही कळत नाही. ती विचारते, "मारुतीच्या कुठवर आलंय?" पायाशी म्हटलं तर भाजी आणायला जाते. कमरेला म्हटलं तर घाटावरचे टपरीवाले सामान हलवायला लागलेत असं समजायचं. छातीला म्हटलं की सराफ बाजारातल्या मावशीला फोन. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठवर गेलं ते इथल्या कोणालाही विचारा, आकड्यात कोणी सांगणार नाही.

तुमच्या खलनायकालाही असाच एक मारुती दिसू द्या. अजून मारावं की पळावं हे त्यालाच ठरवू द्या. आत्ता तुमच्या टोळीवाल्यांची अडचण अशी आहे की पहिला ठोसा मारेपर्यंत त्यांना काही कळत नाही, आणि मारल्यावर कळून उपयोग नाही.

---

गोदाकाठ · सोमवार, रात्री ९.५०

पंचवटीकर, शेवटचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

इतके दिवस मी विचार करत होते की पॉवर कमी कशी करायची. खरं तर ती होती तेवढीच ठेवून मारणाऱ्याच्या हातात काहीतरी द्यायला हवं होतं. उलट फटक्याची मजा फटक्यात नाहीच मुळी. समोरच्याने मूठ उगारली आहे आणि मारू की नको या विचारात ती क्षणभर तशीच थांबली आहे, तिथे मजा आहे. माझ्या आधीच्या बेतात मूठ कधी थांबलीच नाही.

---

अर्धवटराव · सोमवार, रात्री ११.३१

सगळं गोड आहे, पण मी टेबलावरचा लबाड खेळाडू या नात्याने एक विचारतो. ठोके साठले की ताकद वाढते ना? मग मारामारी सुरू व्हायच्या आधी मी आमच्या गटातल्या मित्राला सांगणार, "ये रे, मला चार लगाव." मारुती गळ्यापर्यंत भरून घेणार आणि मगच दार उघडून आत जाणार.

केलंय मी हे. दुसऱ्या एका खेळात. जीएम अजून बोलत नाही नीट.

---

वीसबाजू · मंगळवार, सकाळी ८.१२

अर्धवटराव, लबाडीबद्दल धन्यवाद, कारण उपाय त्यातच आहे. साठवण 'मार लागला' यावर ठेवूच नका, 'मार बाधला' यावर ठेवा. म्हणजे तांबटाचा टफनेसचा फासा चुकला तरच एक ठोका साठला.

याने तीन गाठी एकदम सुटतात. किरकोळ टोळीवाले त्याला सहसा बाधत नाहीत, त्यामुळे त्यांच्या गर्दीत भांडं भरत नाही आणि ती मारामारी बाकीच्या हिरोंच्या वाट्याला येते. मित्राकडून मारून घ्यायचं तर खरंच जखमी व्हावं लागेल, आणि या नियमांत टफनेसचा फासा चुकला की प्रत्येक वेळी पुढच्या टफनेसवर उणे १ बसतोच. म्हणजे भांडं जितकं भरलं तितका तो स्वतः तड्याच्या जवळ. काकांचं तांबं हेच करतं ना?

तिसरी गाठ पॉइंटांची. ४ पॉइंटातून 'लिमिटेड' (अटीवरच चालणारी पॉवर) म्हणून १ वजा. वाजल्यावर तो मऊ पडणार असेल तर त्याबद्दल आणखी १ सूट द्या. रँकमागे २. आधी ३२ पॉइंटात ८ रँक होते, आता २० पॉइंटात १० मिळतील. पोराला आधी हेच सांगा, बाकी मग.

---

ठाणेकर_काकू · मंगळवार, सकाळी १०.४०

इथे आकडेमोड चालली आहे म्हणून दबकत लिहिते. आम्ही मास्क्स खेळतो, २०१६ मधला खेळ. त्यात प्राणांचे पॉइंटच नाहीत. जबर मार लागला की तुम्ही घाबरलेले, चिडलेले, अपराधी, हताश किंवा बावरलेले होता. आणि गंमत म्हणजे मार लागल्यावर जो फासा टाकायचा असतो त्यात आधीच्या या खुणा मिळवायच्या, आणि त्या एका फाशात आकडा जितका मोठा तितकं वाईट. म्हणजे आधीच दुखावलेला माणूस पुढच्या धक्क्याला जास्त मोडतो.

माझं म्हणणं इतकंच की तुमचा तांबट 'वाजतो' तेव्हा त्याला काय होतं? राग येतो? लाज वाटते? पोटात घेतलेला मार एकदम बाहेर टाकणारी माणसं घराघरात असतात. नुसता फासा टाकू नका, त्याला एक वाक्य बोलायला लावा.

---

जुना_खेळिया · मंगळवार, सकाळी ११.१५

काकूंच्या प्रतिसादाला +१. आमच्या घरातल्या त्या माणसाचं नाव इथे घेत नाही, तीही हा धागा वाचते.

---

गोदाकाठ · मंगळवार, रात्री १०.०५

बेत पक्का केला. शनिवारी खेळून बघू. लिहून ठेवते, चुका काढा.

तांबटावर हल्ला झाला आणि त्याचा टफनेसचा फासा चुकला की एक चिंचोका भांड्यात. चिंचोका का, तर आजीच्या डब्यात सारीपाटासाठी जपून ठेवलेले आहेत, आणि भांडं म्हणून तिचंच तांब्याचं पंचपात्र. टेबलाच्या मधोमध ठेवणार, खलनायकालाही दिसेल असं. माझा खलनायक हा 'दिसतं' म्हणून वागणार, म्हणजे मी जे बघते ते तोही बघतो. तांबटाच्या अंगाचा आवाज चढत जातो, तो सगळ्यांना ऐकू येतो, असं समजायचं.

एक चिंचोका म्हणजे २ रँक. जास्तीत जास्त पाच, म्हणजे १० रँक. आमची पॉवर लेव्हल १० आहे आणि नेमाचा फासा लागत नसलेल्या पॉवरला तीच कमाल, त्यामुळे सहावा चिंचोका नाहीच. पुढे कोणी हातघाईत वार केला की भाऊ ठरवणार, सोडायचं की साठवायचं. सोडलं तर सगळे एकदम, त्या एकाच माणसावर. अर्धे सोडायचे नाहीत.

सोडल्यावर तो मऊ. त्याच्या पुढच्या पाळीच्या शेवटापर्यंत टफनेस उणे २. चुर्रर्र.

टफनेस १२ च्या खलनायकासमोर हिशेब केला. एक चिंचोका असताना त्याला १७ गाठायचे, वीसपैकी चार वेळा चुकेल. तीन असताना २१, वीसपैकी आठ वेळा. पाच असताना २५, वीसपैकी बारा वेळा, आणि त्यातल्या तीन वेळा तर इतका वाईट चुकेल की पुढे धड हलताही येणार नाही. म्हणजे लवकर सोडलं तर नुसता आवाज, थांबलं तर धोका दोघांनाही.

मामेभावाला २० पॉइंटवालं आधी सांगितलं. बाकीचं ऐकायच्या आधीच "चालेल" म्हणाला.

---

अर्धवटराव · मंगळवार, रात्री १०.२०

पकडलं तर? खलनायक ठोसा मारणारच नाही, नुसती मिठी मारून उचलून नदीत टाकेल. पकडीला टफनेस लागत नाही, ताकद किंवा चपळाई लागते. चिंचोका पडणार नाही. मी खलनायक असतो तर पहिलं हेच केलं असतं.

---

गोदाकाठ · मंगळवार, रात्री १०.२६

करू दे की. ते करायला त्याला सुचावं म्हणून तर पंचपात्र मधोमध ठेवलंय.

---

गोदाकाठ · रविवार, दुपारी १२.३०

झाला खेळ. रात्री दीडला संपला, शेजारच्यांनी भिंत ठोकली, म्हणून आत्ता लिहितेय.

पुराची रात्र, होळकर पूल. खलनायक एक राक्षसी ताकदीचा कुस्तीगीर, टफनेस १२, सोबत आठ जण. त्या आठ जणांना तांबटाने फक्त अडवून धरलं. दोघांचे ठोसे बसले, फासे सुटले, भांडं रिकामं. आणि कित्येक आठवड्यांनी उडणारी हिरोईन वरून आली आणि तिने पाच जणांना कठड्यावर टांगलं. भाजीचे भाव कोणी बघितले नाहीत.

मग कुस्तीगीर. पहिला ठोसा, भावाचा फासा चुकला. चिंचोका पंचपात्रात टाकला तो 'टण्' असा वाजला की सगळे हसले. दुसरा पडला तेव्हा कमी हसले. तिसरा पडला तेव्हा तो तांब्यावर न आपटता आधीच्या दोघांवर पडला, आवाज बारीक आला, आणि टेबल गप्प. हे मी ठरवलेलं नव्हतं. भांडं भरत जातं तसा आवाज उलट लहान होत जातो. तांबट_आळी काकांच्या भांड्याचा आवाज चढतो, आमचा उतरला, पण परिणाम तोच.

तीन झाल्यावर मी कुस्तीगीर म्हणून भांड्यात डोकावले आणि खरंच थांबले. मला दुसरा रस्ता दिसत होता, अर्धवटरावांचा. पकड. पहिल्या प्रयत्नात निसटला. मग मी पुलावरच्या एका अडकलेल्या रिक्षाकडे वळले, तांबटाला सोडून. तेव्हा भाऊ पहिल्यांदा स्वतःच्या पाळीत काहीतरी करायला उठला: रिक्षा आणि माझ्या मध्ये आला. घडी नाही. दोन्ही हात पसरून.

मारावंच लागलं. चौथा चिंचोका. त्यापुढच्या ठोशाला मी विचारलं, सोडतोस? तो म्हणाला नाही. टफनेसवर आता उणे ४ होता, बाकीचे ओरडत होते, सोड रे सोड. फासा पुन्हा चुकला, पाचवा पडला. मग सहावा ठोसा आला आणि तो म्हणाला, सोडतो. काकूंची अट मी विसरले होते, त्याने लक्षात ठेवली होती. तांबट म्हणाला, "बास."

कुस्तीगीराला २५ हवे होते. फाशावर ७ आला. १२ मिळवून १९. सहाने चुकला. पुढच्या पाळीपर्यंत गरगरला, पडला मात्र नाही. आणि तांबट मऊ, उणे ५ आणि वर उणे २. त्याला हिरोईनने उचलून पुलावरून नेलं. पूल पडला का, रिक्षावाला कोण होता, ते पुढच्या शनिवारी.

एक गोष्ट दुरुस्त करायची आहे. सोडायचं तर आधी ठोसा बसतो, त्याचा टफनेसचा फासा आधी टाकायचा की उलट फटका आधी द्यायचा, यावर वीस मिनिटं वाद झाला. मी तात्पुरतं 'फटका आधी' म्हटलं. वीसबाजू, बरोबर आहे का?

---

वीसबाजू · रविवार, दुपारी १.१५

मी उलट करेन. आधी ठोसा पुरता झेलायचा, मग उलट फटका. नाहीतर शेवटचा ठोसा त्याला फुकटात चुकवता येतो, कारण समोरचा आधीच पडला तर ठोसा कुठला? शिवाय झेलण्याआधी ठरवायचं की झेलल्यावर हेही लिहून टाका. माझं मत: फासा टाकायच्या आधी. बघून ठरवलं तर जुगार उरत नाही.

---

तांबट_आळी · रविवार, दुपारी ३.४०

पंचपात्राला आतून कल्हई आहे का बघा. तांब्यात चिंच ठेवू नये. चिंचोका धुतलेला असेल तर हरकत नाही.

---

गोदाकाठ · रविवार, दुपारी ३.४४

काका, पन्नास वर्षं जुने आहेत. त्यांच्यात आता चिंच उरली नसेल. तरी धुते.

---

तो_मामेभाऊ · रविवार, रात्री ८.५५

नमस्कार. तो मी. आजच खातं काढलं.

ताईने सगळं बरोबर लिहिलंय, फक्त एक राहिलं. चौथ्या चिंचोक्यानंतर मी 'नाही' म्हणालो ते शौर्य वगैरे नव्हतं. सोडल्यावर मी मऊ पडणार हे माहीत होतं, हिरोईन अजून तीन पाळ्या लांब होती, आणि रिक्षा माझ्या मागे होती. मी चिंचोके नाही, तिच्या पाळ्या मोजत होतो.

@वीसबाजू, ठोसा आधी झेलायचा हे मला मान्य नाही. सविस्तर उद्या लिहितो, सबमिशन आहे.